बाबांच्या कबरीतील वरची जागा

प्रति,
मा. निबंधक,
वारसा व मृत्युपत्र शाखा,
राज्य न्यायालय.

विषय : कै. डेस्मंड हार्टनॉल यांच्या कबरीतील वरची जागा विकून दाव्याचा खर्च भागवण्याबाबत.
संदर्भ : आपला आदेश, ज्यान्वये अपिलाचा सर्व खर्च माझ्या बोकांडी बसला आहे.

महोदय,

मी, खाली सही करणार लाइल हार्टनॉल, राहणार कुर्राविरा, कै. डेस्मंड यांचा एकुलता एक मुलगा, सविनय अर्ज करतो की,

१. बाबांनी मृत्युपत्राने घर आपल्या दुसऱ्या पत्नीस, श्रीमती व्हेल्टा यांस, दिले आणि मला लोकर कातरण्याची शेड दिली. शेडला छप्पर नाही. सबब मी दावा लावला. मयताच्या मिळकतीवरून भांडण झाले की दोन्ही बाजूंचा खर्च मिळकतीतूनच निघतो, हे आमच्या गावात शेंबडे पोरही सांगेल. पबमध्ये रोज कोणीतरी पाठीवर थाप मारून म्हणे, "लढ लेका, म्हातारा देतोय!" म्हणून मी दोन वकील केले. एकाने भागले असते, पण फुकटात कंजुषी कशाला?

२. मध्यंतरी सदर बाई माझ्या दारी आल्या व म्हणाल्या, "लाइल, अर्धं घर तू घे. मला स्वयंपाकघर आणि मागची खोली पुरे. वकिलांना कशाला पोसायचं?" मी नकार दिला. पुढे घर विकून दोन्हीकडच्या वकिलांची बिले भागली. बाई फुटबॉल मैदानामागच्या कॅरॅव्हानमध्ये, म्हणजे चाकांवरच्या खोलीत, राहायला गेल्या. मी तत्त्वासाठी अपील केले, तर आपण म्हणता की, वाजवी तडजोड नाकारणाऱ्याने अपिलाचा खर्च स्वतः सोसावा. महोदय, हा कुठला न्याय?

३. मिळकतीत आता एकच वस्तू शिल्लक आहे. आमच्या दफनभूमीत कबरी दुहेरी खोल खणतात. आधी जाणारा खाली, मागून जाणारा त्याच्यावर. बाबा खाली आहेत. वरची जागा बाबांनी बाईंसाठी घेतली, परंतु पावती स्वतःच्या नावे केली. म्हणजे कायद्याने ती मिळकतच झाली. मला स्वतःला तेथे पडण्याची हौस नाही; मी दहन सांगून ठेवले आहे. प्रश्न तत्त्वाचा आहे.

४. याबाबतची नोटीस मी स्वतः दफनभूमीत जाऊन बजावली. बाई जिरेनियमला पाणी घालत होत्या. त्यांनी नोटीस वाचली, घडी करून एप्रनच्या खिशात टाकली आणि म्हणाल्या, "एवढी एकच जागा मागते रे मी. बाकी सगळं तर नेलंस. नाहीतर तूच झोप त्याच्यावर. डेसला तुझं ओझं सवयीचंच आहे." असली भाषा मयताच्या डोक्यावर उभे राहून शोभते काय? मी अत्यंत दुखावलो.

५. त्यानंतर आमच्याकडची जून-जुलैची थंडी पडली आणि मागच्या मंगळवारी सदर बाई कॅरॅव्हानमध्ये वारल्या. दोन्ही बाजूंच्या एकाही वकिलास त्यांनी आगाऊ कल्पना दिली नाही. जागेचा वाद न्यायप्रविष्ट असल्याने त्यांना पुरता येत नाही. त्या इस्पितळाच्या शवागारात आहेत आणि इस्पितळ भाड्यासाठी मला फोन करते. माझा काय संबंध? त्या माझ्या रक्ताच्या नव्हेत. लहानपणी मला गोवर झाला तेव्हा त्या माझ्या उशाशी बसून होत्या, असे त्यांचा वकील अर्जात लिहितो. मी त्यांना बोलावले नव्हते.

६. जागेला गिऱ्हाईक तयार आहे. शेजारी आल्फ पेंगेली. बाबा आणि तो कुंपणावरून हयातभर भांडले. आता त्याला बाबांच्या वर पडायचे आहे आणि तो रोख देतो.

तरी विनंती की, सदर विक्रीस परवानगी मिळावी, त्यातून शवागाराचे भाडे व माझे वकील भागवावेत आणि बाईंना सरकारी खर्चाने कोठेही पुरावे. माझी हरकत नाही.

एक मुद्दा राहतो. बाबांच्या दगडावर त्यांनी जिवंतपणीच बाईंचे नाव कोरून घेतले होते : 'आणि व्हेल्टा, त्याची लाडकी'. खाली तारखेपुरती जागा मोकळी आहे. पेंगेली म्हणतो, ते घासून काढल्याशिवाय पैसे देणार नाही. ते घासण्याचा खर्च कोणी द्यायचा, एवढे कृपया लेखी कळवावे. मी देणार नाही.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारा,
आपला नम्र,
लाइल डेस्मंड हार्टनॉल
कुर्राविरा, १४ जुलै १९९७

सोबत : कबरीची पावती, शवागाराचे बिल (न भरलेले).