टेपवर नसलेला शेवट

१२ ऑगस्ट

ती. ताईस,
खुर्चीत बसल्या बसल्याच सा. न. वि. वि.

जे आपण कधी पाहिलंच नाही, ते डोळ्यांसमोर इतकं स्वच्छ कसं दिसतं? मला याचं उत्तर येत नाही. दिवसभर वर्गात पोरांना उत्तरं देते, पण या प्रश्नापुढे माझी पाटी कोरी आहे. म्हणून तुला विचारते.

झालं असं. माझ्याबरोबर खोलीत राहणाऱ्या नर्सला रविवारी सुट्टी होती. माझ्या हट्टाखातर तिने कुठून तरी आपला तो चष्मेवालीचा सिनेमा मिळवून कॉम्प्युटरवर लावला. आठवतो ना? शाळेतली टवाळ पोरं, सहल, शिक्षकांच्या खोलीतल्या किटलीत सोडलेले बेडूक. घरात तेवढी एकच कॅसेट होती आणि आपण ती बघून बघून झिजवली होती. मी नर्सला आधीच बजावून ठेवलं की हसून हसून माझं पोट दुखलं तर औषध तुझ्याकडचं.

ताई, नववीतली म्हणून दाखवलेली ती मुलं तिशीची आहेत गं. मागच्या बाकावरच्या उनाडाला टक्कल पडायला आलंय. परीक्षा उद्यावर आलेली असताना सगळे गाणं म्हणत सायकली फिरवतात आणि वही एकाच्याही हातात नाही. गणिताच्या सरांचा केसांचा टोप वाऱ्याने उडतो तिथे आपण गडाबडा लोळायचो. परवा मला सरांचीच दया आली. बिचाऱ्यांच्या टेबलावर पेपरांचे दोन गठ्ठे तपासायचे पडले होते. मी सिनेमा थांबवून त्यांचा फळाही वाचला. गणित चुकलंय. नर्स म्हणाली की तुझ्यासोबत सिनेमा बघणं म्हणजे शाळा तपासणीच्या साहेबांबरोबर जेवायला बसणं.

ते सगळं ठीक. पण शेवट कुठे गेला? मोठ्या बाई सहल रद्द करतात आणि चष्मेवालीला माफी मागायला सांगतात. मग ती मॉनिटरचा बिल्ला काढून त्यांच्या टेबलावर ठेवते, एक शब्द न बोलता फाटकाबाहेर चालू लागते, वेणीची रिबीन सुटून पडते तरी मागे वळत नाही, आणि अख्खी शाळा खिडक्यांतून बघत राहते. रिबीन लाल होती, हेसुद्धा मला दिसतं. या सिनेमात त्यातलं काहीच नाही. ती मुकाट्याने माफी मागते, सगळे सहलीला जातात, मोठ्या बाई तळ्यात पडतात आणि संपलं.

तू म्हणशील, एवढं काय त्यात. तर आता खरं सांगते. आमच्या शाळेत पुस्तकांनी भरलेली एक खोली आहे आणि मधल्या सुट्टीत तिला कुलूप असतं. मुलं काचेला नाक लावून उभी राहतात. खोली उघडावी म्हणून मी मोठ्या बाईंना लेखी विनंती केली. त्या म्हणाल्या की तुम्हाला येऊन पाचच महिने झालेत, आधी फळा नीट पुसायला शिका. पुस्तकांना कुलूप लावणाऱ्या शाळेत मी शिकवणार नाही. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला आहे, एक तारखेला देणार. लिहिताना समोर चष्मेवालीच होती, आणि बळ यावं म्हणूनच तर मी सिनेमा पाहिला. घरातली पहिली पदवीधर नोकरी सोडते आहे, हे बाबांना तू हळूच सांग. पण त्याआधी तो शेवट कुठे आहे ते सांग.

तुझ्या मायेवर हक्काने डल्ला मारणारी,
ठमी


१७ ऑगस्ट

चि. ठमीस,
अ. उ. आ., आणि एक चापट. ती भेटल्यावर.

पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. फोनच करणार होते, पण कारखान्यात चाळीस शिलाई मशिनं चालू असली की मला माझाच आवाज येत नाही. शिवाय फोनवर तू भाषण करतेस. पत्रात निदान मधली पानं गाळता येतात.

मी मजेत आहे. कॉलरच्या टेबलावर आता सगळ्यांत जुनी मीच, त्यामुळे चुका माझ्याकडे येतात. परवा नवीन मुलीने सत्तर शर्टांना कॉलर उलट्या लावल्या. रागवायला म्हणून उठले, तर ती म्हणाली की ताई, बघा ना, सगळ्या एकसारख्या उलट्या आहेत, हात बसलाय माझा. मग दोघी मिळून उसवत बसलो.

सिनेमाचं म्हणशील तर तुझ्या डोक्यात दोन सिनेमांची खिचडी झाली असेल. लहानपणी तू अर्धी पेंगत बघायचीस. फार खोलात जाऊ नकोस.

राजीनाम्याचं मात्र मी बाबांना हळूच वगैरे सांगणार नाही. ते गल्लीभर तुझी ओळख आमच्या बाई अशी करून देतात. परवा दुकानात टीव्ही दुरुस्तीला घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी टीव्हीआधी तुझा पदवीचा फोटो दाखवला. जे काय सांगायचं ते तूच सांग.

भांडखोर असलीस तरी आमचीच आहेस, एवढं ध्यानात ठेव.
ताई


२१ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू लपवतेस. मधली पानं गाळणारी बाई शेवटचं पानही गाळते, हे माझ्या लक्षात आलं. मी बाबांना फोन केला. राजीनाम्याचं बोलले नाही, फक्त कॅसेटचं विचारलं. ते हसत सुटले.

बाबा म्हणाले की दुकानात दुरुस्तीला आलेला प्रत्येक व्हीसीआर रेकॉर्डिंग करतो की नाही, हे ते आपल्या त्या कॅसेटच्या शेवटच्या भागावर तपासायचे. गिऱ्हाइकाची कॅसेट खराब झाली तर बोलणी बसणार, आणि घरच्या पोरी कुठे तक्रार करतात. त्यामुळे मोठ्या बाई माफी माग म्हणाल्या की पुढे थेट हॉकीचा सामना आणि त्यानंतर हवामानाच्या बातम्या. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे त्या सिनेमाचा शेवट आपल्या घरात कुणीच पाहिलेला नाही.

मग मला तो दाखवला कुणी? एक तारखेला फार दिवस उरले नाहीत. खरं काय ते कळव.

तुझ्यावर रुसलेली, पण उत्तराची वाट बघणारी,
ठमी


२५ ऑगस्ट

चि. ठमीस,
अ. उ. आ. चापट मागे घेतली.

पकडलंस. हॉकी सुरू झाली की तू भोकाड पसरायचीस. मग मी टीव्ही बंद करायची आणि मैत्रिणीकडे पूर्ण सिनेमा पाहिलाय अशी थाप मारून शेवट सांगायची. एकच शेवट नव्हता. तू भाजी ताटात लपवायचीस तेव्हा चष्मेवाली भाजी खाऊन धावण्याची शर्यत जिंकली. तू दात घासेनास तेव्हा ती मोठी होऊन दातांची डॉक्टर झाली. गरजेप्रमाणे मी तिला काहीही करायला लावलं आहे.

बिल्ल्याचा शेवट आईच्या पाठीचं ऑपरेशन झालं त्या वर्षीचा. दहावीच्या वर्गातून मी दोन महिन्यांसाठी घरी बसले आणि बसलेच. आईला उठवायचं, बसवायचं, तुझी वेणी घालायची. तू रोज विचारायचीस की ताई, तू शाळेत का जात नाहीस. मला सांगता यायचं नाही. मग मी चष्मेवालीलाच फाटकाबाहेर काढलं, मान ताठ ठेवून. तू इतकी खूष झालीस की पुढे तोच शेवट मागायला लागलीस.

बिल्ला माझा होता, रिबीनही माझी. खिडकीतून कुणी बघत नव्हतं, तास चालू होता. आणि मी वळून पाहिलं. बऱ्याचदा पाहिलं.

म्हणजे तुझा राजीनामा माझ्या थापेवर उभा आहे, ठमे. शाळा सोडण्यात काहीतरी शान असते, हे मी तुला शिकवलं, कारण मला तुझ्यासमोर रडायचं नव्हतं. तुला सोडायचीच असेल तर तुझ्या कारणाने सोड. मी अडवणार नाही, बाबांनाही समजावेन. फक्त एक विचारते. ते कुलूप का लावलंय, हे तू मोठ्या बाईंना विचारलंस, की नुसता अर्ज केलास? सिनेमातल्या बाईंना तरी आपण कुठे विचारलं होतं. चहाच्या किटलीतून बेडूक निघाल्यावर कुणीही सहल रद्दच केली असती.

रुसवा असेल तेवढा काढ, पण पत्र थांबवू नकोस.
ताई


३ सप्टेंबर

ती. ताईस,
या वेळी उभं राहून सा. न. वि. वि.

तुझ्यावर चांगलं चार पानी रागवायचं ठरवलं होतं. पहिलं पान लिहिलं आणि फाडलं. तुझ्या खोट्या शेवटाने मला वर्गात मान वर करून बोलायला शिकवलं, हेही खरंच आहे. नर्सला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली की सिनेमापेक्षा तुझी बहीण बरी लिहिते.

तुझ्या दहावीबद्दल मी काही म्हणणार नाही. म्हणायचं मनात आहे, हे तुला कळलंच असेल.

एक तारखेला मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. राजीनामा पर्समध्ये होता. आधी कुलपाचं कारण विचारलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या की दोन वर्षांत हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या, बाकीच्यांनी नुसते अर्ज दिले. दोन वर्षांपूर्वी तिथलं कपाट एका मुलीच्या हातावर पडलं होतं. बोटं वाचली, पण त्या वेळी खोलीत एकही मोठं माणूस नव्हतं. मधल्या सुट्टीत सगळे शिक्षक चहाला जातात, मग तिथे बसणार कोण?

मी म्हटलं की मी बसते. त्यांनी विचारलं, रोज? मी म्हटलं, रोज. त्या म्हणाल्या की आठवडाभरात कंटाळाल. मी म्हटलं की कंटाळले तरी तिथेच बसून कंटाळेन. यावर त्या पहिल्यांदा हसल्या, आणि त्याच दिवशी सुताराला बोलावून कपाटं भिंतीला पक्की करून घेतली.

राजीनामा दिला नाही. खोलीची किल्ली वर्षभरासाठी माझ्या नावावर सही करून घेतली, आणि काल मधल्या सुट्टीत कुलूप उघडलं.

भेटीपर्यंत माया पुरवून वापर, संपवू नकोस.
तुझी ठमी