सागवानी भिंतीवरची रिकामी जागा

बाबा, तुमच्या भिंतीला आज भोकं पाडली. पाडली धाड गावाहून आलेल्या टीव्हीवाल्यानं, पण त्याला बोलावलं मी, चहा केला मी आणि त्याचं ड्रिल सुरू झालं तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटत उभी राहिले तीही मीच. तुम्ही असता तर 'काऊन बे, भोक काहाले लागते इथं?' म्हणत त्याच्या हातातून मशीन काढून घेतलं असतं, आणि मग तासभर त्यालाच खुर्चीवर बसवून सागवानाची महती ऐकवली असती. तो बिचारा टीव्ही न लावताच गेला असता. तुम्ही नव्हता, म्हणून काम झालं. तुमच्या नसण्याचा एवढ्या वर्षांत मला झालेला हा पहिला फायदा.

तुमची भिंत तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मला सांगायची आहे. समोरच्या खोलीतली ती दक्षिणेची भिंत, दर पावसाळ्यात ओल धरणारी. पोपडे सुटले की आई त्यावर एक कॅलेंडर लावायची, पोपडे पसरले की दुसरं. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते आणि घरात माझ्या लग्नाचं बोलणं दबक्या आवाजात सुरू झालं होतं. तुम्ही आयुष्यभर फायली घेऊन ज्या साहेबांसमोर उभे राहिलात, त्यांच्या केबिनला लाकडाच्या भिंती होत्या. एक दिवस जेवताना तुम्ही जाहीर केलं की आपणही एक भिंत तशी करून घ्यायची. आई म्हणाली, काहीतरीच काय. तुम्ही म्हणालात, "पाहुणे येतीन तं पोपडे पाहातीन का पोरगी पाहातीन?" आई पोळी वाढायला उठली. मला उत्तर सुचलं होतं, पण तोंडात घास होता.

मग मलकापूरला कुठलंसं जुनं गोदाम पाडत होते, तिथलं सागवान टेंपोत घालून घाट चढून आलं, आणि देऊळघाटचा एक मिस्त्री रोज सायकलवर यायला लागला. खोलीभर भुसा, पॉलिशचा वास, आणि कचेरीतून लवकर घरी येणारे तुम्ही, जे तोपर्यंत आम्ही कधी पाहिले नव्हते. भिंतीवर लाकडी पाट्या ठोकायच्या आधी मिस्त्रीनं विचारलं, "भाऊ, मधात काही लटकवाचं हाये काय? असन तं आतून जाड पट्टी टाकतो. नुसती पाटी वजन नाही घेत." आणि तुम्ही क्षणभरही न थांबता म्हणालात, "टाक. पोरीच्या लग्नाचा फोटो लागन तिथं. मोठा. जोड्याचा."

मी आतून चहा घेऊन येत होते. म्हटलं, "भिंत झाली, पट्टी झाली. लाकूड उरलं असेल तर नवराही यांच्याकडूनच करून घ्या." मिस्त्री इतका हसला की त्याच्या कानामागची पेन्सिल पडली. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही पाठ फिरवलीत, पण खांदे हलत होते, ते मला दिसले.

त्यानंतर त्या भिंतीत खिळा ठोकायचा नाही हा घरातला कायदा झाला. घड्याळ दाराच्या वर, कॅलेंडरं स्वयंपाकघरात, खुंट्या मागच्या खोलीत. वक्तृत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तेव्हा मी ते टाचणीनं तिथं लावलं, तर तुम्ही संध्याकाळी आल्याबरोबर काढलंत. "हे नोटीस बोर्ड नाही होय. ते जागा रिकामी राहू दे." आणि टाचणीच्या एवढ्याशा भोकात भुसा नि सरस भरत बसलात. मला राग आला होता. बोलण्यासाठी बक्षीस मिळवणाऱ्या मुलीला त्या घरात ते लावायला जागा नव्हती, आणि अजून न सापडलेल्या जावयाची राखीव होती.

मग ते पाहायला येणं सुरू झालं. पाहुणे खिडकीकडच्या खुर्च्यांवर, मी भिंतीला पाठ करून समोर. सागवानापुढं माझा सावळा रंग उजळ दिसतो, असा तुमचा शोध होता आणि तुम्ही तो आईला कुजबुजून सांगितला होतात. एका मुलाच्या काकांनी विचारलं, छंद काय? मी म्हटलं, "माणसं पाहायचा. आज आयतीच आली." एका मुलाच्या आईनं विचारलं, पुरणपोळी येते का? म्हटलं, "येते. हातानं मोडत मात्र नाही." ते गेल्यावर आई उरलेले पोहे डब्यात भरताना रडत होती, आणि तुम्ही भिंतीकडे पाहत म्हणालात, "तुह्या तोंडापुढं सागवान बी टिकणार नाही." एवढंच. तुम्ही मला रागावल्याचं हेच एक वाक्य मला शब्दशः आठवतं, आणि खरं सांगायचं तर त्यातली उपमा मला तेव्हाही आवडली होती. लिहायची खोड मला कुणाकडून लागली ते लोक विचारतात. मी उगाच पुस्तकांची नावं सांगते.

एकदा मात्र मी गप्प बसले होते. तुमच्या लक्षात आलं होतं का? मुलगा शाळेत शिकवत होता, बशीतले शेंगदाणे बाजूला काढून पोहे खात होता, आणि काय बोलावं हे त्यालाही कळत नव्हतं. मला चार चांगली वाक्यं सुचली होती. मी एकही बोलले नाही. त्यांनी "कळवतो" म्हटलं आणि कळवलं नाही. त्या रविवारी तुम्ही पॉलिशचा डबा आणून अख्खी भिंत पुन्हा चकचकीत केलीत, अंगातला बनियन भिजेपर्यंत. म्हणजे आलं असावं लक्षात.

हळूहळू पाहुणे यायचे थांबले. मला नोकरी लागली, वर्गात मुलींना निबंध शिकवता शिकवता मी जिल्ह्याच्या पेपरात आठवड्याला एक विनोदी लेख लिहायला लागले. नगरपालिकेच्या खड्ड्यांवर, पुढाऱ्यांच्या फ्लेक्सवर, लग्नातल्या आहेरावर. बाजारात लोक थांबवून हसतात, "मॅडम, कालचं लय भारी होतं." तुम्ही खिडकीकडच्या खुर्चीवर, म्हणजे पाहुण्यांच्याच जागी, भिंतीकडे तोंड करून तो पेपर वाचायचात आणि घडी घालून ठेवायचात. जागा रिकामीच होती. आई गेली तेव्हा मी म्हटलं, आता तिचा फोटो तिथं लावू. तुम्ही म्हणालात, "तिथं नोको. तिले सैपाकघरातच बरं वाटन." मी फाडकन म्हटलं, "जिवंतपणी तिथून सोडली नाही, आता तरी बाहेर येऊ द्या." तुम्ही तिचा फोटो उचलून आत नेलात. मला वाटलं होतं, हा हट्ट आहे. माझी चाळिशी जवळ आली होती, केस मी रंगवत होते, आणि तुम्ही अजून जोड्याच्या फोटोची जागा धरून बसला होतात, एसटीत रुमाल टाकून धरतात तशी.

मग तुम्हीही गेलात, आणि त्या भिंतीत पहिला खिळा तुमच्याच फोटोसाठी ठोकला गेला. मीच ठोकला. बरोबर मधोमध, आणि तो पहिल्या फटक्यात आतल्या पट्टीत घट्ट बसला. तेव्हापासून तुम्ही तिथं, थोडे पुढं झुकून खाली पाहणारे. मी खुर्चीत, तुम्ही समोर. आपलं बोलणंही पूर्वीइतकंच, म्हणजे मी बोलते.

टीव्ही कशासाठी घेतला ते शेजारच्या काकूंनीही विचारलं. मी म्हटलं बातम्यांसाठी. बातम्या फोनवर दिसतात, हे त्यांना माहीत आहे. त्यांच्या नातवानंच मला ते शिकवलं. खरं कारण असं की संध्याकाळी शाळेतून आल्यावर कुलूप काढलं की आत कुठलाच आवाज नसतो, आणि मी चहाच्या भांड्याशी मोठ्यानं बोलायला लागले आहे. परवा तर मी केलेल्या एका चांगल्या विनोदावर घरात कुणी हसलं नाही म्हणून मला वाईट वाटलं. घरात कुणी नव्हतंच. माणसानं इतकं खाली येऊ नये.

टीव्हीवाल्यानं सकाळी येऊन भिंतीवर बोटानं टकटक केली, तुम्ही टरबूज वाजवून पाहायचात तशी. "मॅडम, हे तं सारं पोकळ हाये. ब्रॅकेट मारलं तं पाटीसंगं टीव्ही खाली यीन." मग टकटक करत तो मधे आला आणि थांबला. "फोटो उतरवा जरा." मी म्हटलं, दुसरीकडे बघा. तो म्हणाला, "दुसरीकडं धरतच नाही. इथीच भरीव आवाज येते."

काकू दारातच उभ्या होत्या. "काय वं बाई, बापाले उतरवून डबा लावून राह्यली काय? दक्षिणेची भिंत हाये. तिथं गेलेल्या माणसाचाच फोटो पायजे."

"बातम्या लावल्या की गेलेलेच दिसतात, काकू," मी म्हटलं.

"तुह्याशी बोलणंच कठीण," म्हणत त्या गेल्या, आणि मी तुम्हाला हातात घेऊन खोलीच्या मधोमध उभी राहिले. फोटोच्या मागं पाटीचा रंग अजून गडद होता, भोवतीची भिंत फिकी पडलेली. त्या चौकोनाकडे पाहत मी जवळजवळ म्हणाले होते, राहू द्या, परत न्या. तेवढ्यात त्यानं पुन्हा बोट वाजवलं. "जाड पट्टी हाये आतून. लय मजबूत. कोण्या शहाण्या माणसानं टीव्हीसाठीच टाकून ठेवली काय पहिलेपासून?"

"हो," मी म्हटलं. "लांबचं पाहायचे ते."

मग त्यानं विचारलं, किती जण पाहता? मी म्हटलं, एक. तो म्हणाला, मग सोपं आहे, खुर्ची कुठं असते तिथं बसा, तुमच्या डोळ्याच्या उंचीला लावतो. मी तुमच्या खुर्चीत बसले. त्यानं माझ्या डोळ्यांपासून भिंतीपर्यंत टेप धरला, पेन्सिलनं खूण केली आणि म्हणाला, "हलू नोका." त्या खोलीत मला हलू नको म्हणणारा तो पहिला नव्हता; पाहुण्यांपुढं बसवताना तुम्हीही तेच म्हणायचात.

तुम्हाला मी स्वयंपाकघरात नेलं आहे, आईच्या शेजारी. जिवंतपणी तुम्ही तिथं फक्त ताट समोर यायच्या वेळी यायचात, तेव्हा आता थोडा मुक्काम करा. आईला बरं वाटेल. तुमचा फोटो जरा मोठा आहे, पण मी दोघांना इतकं जवळ लावलं आहे की चौकटी चिकटल्या आहेत. घरात जोड्याचा फोटो लागला अखेर, बाबा. माझा नाही, पण लागला.

टीव्हीवाला चॅनल लावून दाखवून गेला. आता संध्याकाळ आहे, खिडकीतून अजून उजेड येतो आहे, आणि मी हे वहीच्या कागदावर गुडघ्यावर धरून लिहिते आहे. पेपरात हे छापणार नाही. लोक हसतील अशी जागा मला यात कुठं सापडत नाही, आणि सापडली तर ते हसतीलच, याची भीती वाटते. आईच्या पोह्यांच्या डब्यात घडी करून ठेवीन.

मघाशी काकूंनी खिडकीतून विचारलं, लागला का टीव्ही? मी म्हटलं, चॅनल यायचे आहेत अजून. खोटं होतं. रिमोट मांडीवर आहे. बंद काच काळी असते हे मला ठाऊक होतं, पण त्यानं ती माझ्या डोळ्यांसमोर नेमकी लावली आहे, आणि मागून उजेड आहे, त्यामुळे तुम्ही राखून ठेवलेल्या जागेत खुर्चीवर बसलेली एक बाई दिसते. सागवानाच्या मधोमध, चौकटीत. पाहायला आलेलीही तीच आणि दाखवायला बसवलेलीही तीच. मी आधी केसांवरून हात फिरवला. मग, का कोण जाणे, खुर्ची थोडी डावीकडे सरकवली, काचेत माझ्या शेजारी एकाची जागा राहील एवढी.