दारभर रांगोळी

अत्ते,

"पोरीची बाहुली करून टाकलीस गं!" असं म्हणून तुम्ही रागाने धाकट्या लेकाकडे मैसूरला गेलात, त्याला महिना झाला. इंचराची चंचलपणाची गोळी चालूच आहे. आता ती वर्गात बसते, कुणाला चावत नाही. डबा मात्र तसाच परत येतो. पूर्वी शाळेतून आली की माझी रांगोळी तुडवतच घरात शिरायची. परवा कडेकडेने आली आणि म्हणाली, "अम्मा, बघ, मी पुसली नाही." मी शाबासकी दिली आणि आत जाऊन रडले.

हे पत्र टाकणार नाही. तुम्ही गोळी बंद करायला सांगाल, आणि उद्या मला ती द्यायचीच आहे.

आज रविवार, डॉक्टरांनीच दिलेली गोळीची सुट्टी. दारभर रांगोळी काढून इंचरा उठायची वाट बघतेय.

तुमची थकलेली सून,
सुमंगला