क्राकोवचा ट्रम्पेट

रविवार, १२ ऑक्टोबर २०२५, संध्याकाळी ७.१०. बाबा उद्या पुण्याला निघणार, त्यांची बॅग भरत होतो.

बाबांनी तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला. पोलंडच्या सहलीत त्यांना एकच हवं होतं. क्राकोवच्या चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला वाजतो तो ट्रम्पेट ऐकायचा.

त्या दिवशी आम्ही मनोऱ्याखाली पोचलो तेव्हा चारला दहा मिनिटं होती. "थांबू की रे," बाबा म्हणाले. पण गाइडने चारला बसपाशी बोलावलं होतं. मी त्यांना हाताला धरून नेलं. बाकीचे सगळे ट्रम्पेट ऐकून आरामात आले. बस सव्वाचारला सुटली. फक्त दहा मिनिटं! एवढा कसला घाबरतो मी?

मघाशी शेजारच्या काकूंनी विचारलं, "ऐकलात का हो ट्रम्पेट?"

"ऐकला तर! पोरानं मुद्दाम थांबून ऐकवला," बाबा म्हणाले.

मी शर्टाची घडी मोडून पुन्हा घातली.