हंसाचा डोळा

१२ जानेवारी

तुकडा माझ्याकडे आहे!

सकाळी स्वेटर झटकला तेव्हा उजव्या बाहीच्या घडीतून पडला. थेट माझ्या चपलेवर. निळसर पाणी, पांढरं पीस आणि मधोमध एक काळाभोर डोळा. ताईच्या चित्रातल्या हंसाचा. (खोक्यावर हंस म्हटलंय. मला ती बदकंच वाटतात.)

काल याच तुकड्यासाठी सगळं घर जमिनीवर रांगत होतं. त्यात मीही. तुकडा बाहीत घेऊन सोफ्याखाली तोच शोधत होतो.

नीट लिहितो. हजार तुकड्यांचं चित्र एकटीने जुळवण्याचा, साठीपुढच्या बायकांचा विक्रम सव्वातीन तासांचा आहे. ताई तो मोडायला बसली होती. शेवटचा तुकडा बसल्याशिवाय घड्याळ थांबवायचं नाही, हा नियम. साक्षीदार दोन हवेत – एक वैद्यकीय पेशातला, एक वार्ताहर. पहिले ताईचे दंतवैद्य. दुसरा मी, सख्खा धाकटा भाऊ. नातेवाईक चालणार नाहीत असं नियमांत कुठेच नाही. ते लिहिणाऱ्यांना नातेवाईक नसावेत.

साक्षीदाराने टेबलापासून हातभर लांब राहायचं, हेही त्यात आहे. सुरुवातीला मीच ते मोठ्याने वाचून दाखवलं. तासाभराने त्याच टेबलावर कोपर टेकून, वाकून बघत बसलो.

ताई दहाएक मिनिटं हातात ठेवून शेवटापर्यंत आली. आणि तुकडाच नाही. न्यायदर्शनात अभाव, म्हणजे एखादी गोष्ट नसणं, हाही एक पदार्थ मानतात. विद्यार्थी असताना त्यावर हसायचो. काल तो टेबलावर पाहिला – अंगठ्याएवढा, चारही कडा रेखीव.

घड्याळ चालत राहिलं. विक्रम गेला. मग ताईची नजर सूनबाईकडे वळली. तिने मध्येच येऊन टेबलाखालचा बिस्किटांचा चुरा झाडून नेला होता आणि केराची पिशवी खाली गेलीसुद्धा होती. दंतवैद्यांसमोर ताई तिला म्हणाली, “माझं अख्खं वर्ष तुझ्या केरात गेलं.”

सूनबाई म्हणाली, “गेला असेल, आई.”


१२ जानेवारी, दुपार

फोन केला. सांगायचं ठरवूनच केला. ताईने उचलला आणि सूनबाईच्या झाडण्यावर जे बोलत सुटली ते मला श्वास घ्यायलाही जागा नाही. शेवटी विचारते, तू का गप्प? म्हटलं, सर्दी झालीय.


१३ जानेवारी

संपादकांना बातमी हवी होती. विक्रम झाला असता तर आतल्या पानावर चार ओळी. हुकला म्हणून फोटोसकट!

लिहिली. ‘साफसफाईदरम्यान एक तुकडा गहाळ झाल्याने’ असं लिहिलं. गहाळ झाला. कुणी केला? वाक्यात कोणीच नाही. इतकी वर्षं व्याकरण घोकलं ते आज कामी आलं. भित्र्या माणसाला लपायला याहून चांगली जागा नाही.


१४ जानेवारी

छापून आलं. मथळा संपादकांचा – ‘झाडूने हिरावला विक्रम’. आता वाक्यात झाडू आहे, आणि तो कोणाच्या हातात होता ते सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक आहे.


१६ जानेवारी

ताईकडे गेलो. तुकडा पाकिटात.

जेवणाच्या टेबलावर चित्र तसंच पसरलंय. ताई ते मोडू देत नाही, वर काही ठेवूही देत नाही. त्यामुळे भाचा फ्रिजला टेकून उभ्याने जेवतो, सूनबाई ओट्यापाशी. ताई एकटी खुर्चीवर, मांडीवर ताट घेऊन, चित्रातल्या भोकाकडे बघत जेवते. सूनबाई रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथे बातमी वाचली गेलीय. आता कुठली नळी वेळेवर सापडली नाही की विचारतात, बाई, आज झाडलंत का? हे तिने हसत सांगितलं. मी हसलो. माझं हसू कुठल्या प्रतीचं होतं ते देवाला माहीत.

भावोजी गेले तेव्हापासून ताई आतल्या खोलीत दार लावून पडून असायची. चहा दारात, ताट दारात. मी दर रविवारी जाऊन दाराशी बोलून यायचो. दार माझ्यापेक्षा बरं बोलायचं. पहिलं खोकं आणलं ते सूनबाईने. मुलांचं, पन्नास तुकड्यांचं. ताईने महिनाभर हात लावला नाही. ही रोज त्यातले चारच जोडायची, मुद्दाम चुकीचे, आणि टेबलावर सोडून कामाला जायची. एके दिवशी संध्याकाळी येऊन बघते तर चुकलेले चारही नीट लागलेले! तिथून ताई हजारावर पोचली. वर्ष जे म्हणाली ते हे वर्ष. आणि ते जिने उभं केलं तिच्यावरच ते केरात घातल्याचा आळ.

आज एक युक्ती केली. ताई हात धुवायला गेली तेव्हा तुकडा गालिच्याखाली सरकवला. पुढेमागे आपोआप सापडेल. मग डोक्यात आलं – गालिच्याखाली सापडला म्हणजे सूनबाईला धड शोधताही आलं नाही, असं होणार. खुर्चीत बसल्या बसल्या पायाने परत ओढून घेतला. ताईने विचारलं, पायाला काय झालं? म्हटलं, मुंग्या आल्या.

निघताना भाचा खालपर्यंत सोडायला आला. “मामा, मी वेगळं घर बघतोय. आईच्या तोंडून आता रोज तेच निघतं. हिला अजून सांगितलं नाही, पण माझ्याच्याने हे बघवत नाही.”

त्याच्या खांद्यावर हात ठेवला. उजवाच.


१७ जानेवारी

उद्या सांगणार. नक्की.


१८ जानेवारी

सांगितलं नाही. नगरपालिकेची बैठक लांबली. (बैठक चारला संपली.)


१९ जानेवारी

चर्चासत्रात मांडावा असा प्रश्न घेऊन बसलोय – आधी सांगायचं कोणाला? विक्रम ताईचा गेला, पण शिव्या सूनबाई खातेय. ताईला सांगितलं तर ती मला चार शब्द बोलेल, मी ऐकेन, आणि मग ती मोठ्या मनाने सूनबाईला म्हणेल की जाऊ दे, ह्या वेडपटाचंच काम होतं. माफी मागितली जाणारच नाही. ताईला मी ओळखतो. आम्ही एकाच आईची लेकरं. माझीही कुठे निघतेय?

खरं कारण हे नाहीच. ताईची भीती वाटते. पन्नाशी उलटली तरी वाटते. तिच्या आयुष्यात परत काहीतरी उगवलं आणि त्यावर मी कोपर टेकलं.

भाचा घर बघायला लागलाय. आता ‘उद्या’ लिहिण्याची सोय उरली नाही. सकाळी प्रयोगशाळेत जाऊन आधी सूनबाईला सांगतो. मग तिला घेऊनच ताईकडे. तिच्या देखत बोलेन. छापायचंही मी बघतो, माझ्या नावासकट.


२० जानेवारी

रक्त द्यायला आलेल्यांच्या बाकावर बसून सांगितलं. तुकडा तळहातावर पुढे केला. सूनबाईने त्याच्याकडे बघितलंही नाही.

“तुम्ही सोफ्याखाली वाकलात ना मामा, तेव्हाच मला तुमच्या बाहीत दिसला. घड्याळात वेळ होता अजून. मी बोलले नाही.”

का, एवढंच विचारलं.

“त्याआधी आठवडाभर त्या रोज म्हणत होत्या, एवढं एक चित्र झालं की मी मोकळी. खोली आवरली होती. बांगड्या काढून माझ्या कपाटात ठेवल्या होत्या.” मग तिने पुढच्या माणसाचं नाव पुकारलं, आणि उठता उठता म्हणाली, “काल भाजीवरून माझ्यावर ओरडल्या. आणि दोनदा वाढून घेतली. तुम्ही एवढ्यात काही सांगू नका.”