काचेतली मुडी

आई, आज संग्रहालयात नव्या पोरांच्या मुलाखती झाल्या. दहावी-अकरावीची पोरं, उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने पगारी काम. वस्तू पुसायच्या, माहितीच्या चिठ्ठ्या लिहायच्या, पाहुण्यांना हिंडवून दाखवायचं. आता मी टेबलाच्या या बाजूला बसते. प्रत्येकाला त्याच दोन गोष्टी दोन-दोनदा विचारते: घरून इथे मांडायला जी वस्तू आणणार आहेस ती अजून वापरात आहे का, आणि घरच्यांना विचारलंस का? बाहेर जाऊन पोरं माझी नक्कल करतात, मला ऐकू येतं. करू देत. मी असं का विचारते हे त्यांना सांगायची माझी छाती नाही. तू जाऊन बरीच वर्षं झाली, तू आता मला ओरडू शकत नाहीस, म्हणून तुला सांगायला बसले आहे. यातला भित्रेपणा मला कळतो.

दहावीची परीक्षा संपली होती आणि इथे निवड व्हावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते. कुंभारवाड्याहून जोयड्याला यायला धड बस नाही, तरी रोज येईन म्हणून छाती ठोकून सांगितलं होतं. मुलाखतीला येणारी बाकीची तिघं दांडेलीची आणि रामनगरची. एक जण पणजोबांची तलवार आणणार होता, एक जण पितळेचा अडकित्ता. संग्रहालयाच्या सरांनी सांगितलं होतं, घरातली एक जुनी वस्तू आणा आणि तिची गोष्ट सांगा. आपल्या घरात इतिहास म्हणावं असं काहीच नाही, असं मला वाटायचं. मग चुलीच्या वर टांगलेली मुडी दिसली. पेंढ्यात बियाण्याचं भात भरून पेंढ्याच्याच दोरीने गच्च आवळलेला तो गोल गठ्ठा मला एकदम तलवारीच्या तोडीचा वाटला.

मी मागितली तेव्हा तू भाकऱ्या थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "बियान्याची मुडी मिरगाआदी घराभाईर जात न्हाई. कोंडा भरून दुसरी बांदून देतो तुला. कळ काढ दोन दिस." मुलाखत उद्यावर आली होती, मला दोन दिवस नव्हते. शिवाय तू गडबडीत बांधलेली दुसरी इतकी देखणी होणार नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे तू गुरं सोडायला गेलीस आणि मी मुडी पोत्यात घालून बस गाठली. ते तांबडं भात तू लग्नात अणशीहून, तुझ्या आईच्या हातून घेऊन आली होतीस. तुझ्या माहेरची माणसं नंतर जंगल सोडून गेली, त्यांची शेती सुटली. ते बी तेवढ्याच एका मुडीत उरलं होतं, आणि हे मला पक्कं माहीत होतं.

मुलाखतीत मी काय बोलले ते ऐक. "पूर्वीचे लोक असं बियाणं साठवत असत." असत! घरात त्याच चुलीवरचा सकाळचा चहा पिऊन आले होते मी. पण त्या पोरांसमोर 'आमच्याकडे अजून असंच ठेवतात' हे माझ्या तोंडून निघेना. सर खूश झाले, निवड झाली, मुडी काचेच्या कपाटात गेली. रात्री तुला सांगितलं, नुसती दाखवायला नेली आहे, मिरगाआधी, पेरणीच्या आत आणते. तू रागावलीस, पण विश्वास ठेवलास.

पुढच्याच आठवड्यात सर म्हणाले, धान्य आत राहिलं तर किडे होतील आणि शेजारच्या वस्तूंनाही लागतील. भात काढून कोंडा भरा. त्यांचं चुकलं नाही, मीच त्याला पूर्वीचं करून ठेवलं होतं. 'सर, हे यंदा पेरायचंय' एवढं म्हटलं असतं तर त्यांनी हात लावला नसता. मी दोरी सोडली. माझ्याच हाताने भात टोपलीत ओतलं. राखणदाराने ते कोंबड्यांना टाकलं, आणि मी पायरीवर उभी राहून बघत होते. ओंजळभर सुद्धा बाजूला काढलं नाही.

मिरग तोंडावर आला तशी तू स्वतः आलीस. दारात चप्पल काढलीस, ओलं लुगडं पिळलंस. सरांनी मोठ्या मानाने काच उघडून मुडी तुझ्या हातात दिली. तू ती नुसती उचललीस. हलवूनही बघितली नाहीस. माझ्याकडे एकदा पाहिलंस, आणि परत जागेवर ठेवत म्हणालीस, "ऱ्हाऊ दे सर. बरी दिसतीया हितं." बसची वाट बघताना विचारलंस, भात कुठं गेलं? मी सांगितलं. "कोंबड्यांनी खाल्लं न्हवं? मग वाया न्हाई गेलं." यापेक्षा तू माझ्या थोबाडीत मारली असतीस तर बरं झालं असतं.

घरी येऊन तू बाबांना सांगितलंस, मुडी उतरवून खोपीत ठेवली होती, उंदरांनी फोडली. त्या वर्षी सरकारी केंद्रातलं बियाणं आलं. शेजारणी बोलल्याच, "मायेरचं बियानं बी संबाळाय आलं न्हाई हिला." तू भांडी घासत ऐकून घेतलंस. मी तिथेच होते, माझा पगार चालू होता. मरेपर्यंत तू ते तोंडातून काढलं नाहीस, आणि मीही तुला निश्चिंतपणे गप्प राहू दिलं.

आता खरं ते सांगते. हा कागद तुला लिहून उपयोग नाही. ज्याने तो वाचायला हवा तो माणूस ओसरीवर बसून सुपारी कातरतो आहे. परवा जेवताना बाबा पुन्हा म्हणाले, "तुजी आई सगळ्यात हुशार. पन त्या साली तेवडं बियानं उंदराच्या तोंडी घातलं तिनं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "व्हय."