काश्यप गोत्रातले त्रेसष्ट

मी, जनू राघो भोपी, वय साठ, लष्करातला निवृत्त ड्रायव्हर, राहणार सोनिवली, बदलापूर, डोकं ठिकाणावर असताना, कुणाच्या दाबाखाली न येता हे लिहून ठेवतो. लिव्हर गेलं आहे. डॉक्टर दिवाळीपुढचं बोलत नाहीत.

१. राहतं घर मुलगा धर्मेश व मुलगी जिज्ञासा यांना निम्मं-निम्मं. भावाने साडीचोळी पुढे केली तरी जिज्ञासाने हक्कसोड लिहून देऊ नये.

२. बांधालगतची अडीच हात जमीन चुलतभाऊ संतोष याला. त्याने बांध कोरला हे खरंच. पण त्यापायी एक्क्याण्णव साली रजेवर आलो असताना मी त्याच्यावर कोयता उगारला होता. माझ्या बायकोने, सखूने, हात धरला म्हणून दोघंही वाचलो. तो कोयता कुणालाच देत नाही.

३. एक वही आहे. चौऱ्याण्णवच्या अखेरीस मी शांतिसेनेबरोबर रवांडात होतो. आम्ही पोचलो तोवर कत्तल उरकली होती. एका चर्चमधली प्रेतं ट्रकात भरताना एक म्हातारी आली. दुभाष्यामार्फत म्हणाली, "घरातली मीच उरले. मी मेल्यावर यांची नावं कोण घेणार?" मी घेईन, म्हणालो. शेजाऱ्यांनीच कोयत्याने कापलेली त्रेसष्ट माणसं. नावं ऐकली तशी देवनागरीत लिहिली. चुकली असतील, सुधारायला कुणी नाही.

दर सर्वपित्रीला उल्हास नदीवर त्यांना तिळपाणी दिलं. पहिल्या वर्षी भटजींनी गोत्र विचारलं. ठाऊक नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग काश्यप म्हणा. ज्याचं गोत्र माहीत नाही तो काश्यप." बरं वाटलं. घरी येताना डोक्यात आलं, मग कापणारेही काश्यपच. म्हणजे ही भाऊबंदकीच. त्या दिवसापासून देवावर भरवसा उरला नाही, पाणी मात्र देत आलो.

काल घाटावर धर्मेशपुढे वही धरली. तो म्हणाला, "बाबा, ही मानसा आपली कोन लागतान? टीव्हीवर रोज मरतान, किती जनांना पानी सोरशील?" तीस वर्षांत हे मारणं कमी झालेलं मला तरी दिसलं नाही. जिज्ञासाने दोन पानं वाचली आणि रडत वही परत दिली. तिची पोरं लहान आहेत, आग्रह करवेना.

४. जबरीचं पाणी पितरांना पोचत नाही. म्हणून वही कुणाच्याच नावे करत नाही, ती माझ्या चितेवर ठेवावी. म्हातारीला दिलेला शब्द मी मोडतो आहे. त्या दिवसानंतर त्या त्रेसष्ट जणांचं नाव घेणारं कुणी राहणार नाही, आणि कोयतेवाल्यांचं अर्धवट राहिलेलं काम माझ्या हातून पुरं होईल.

वाचून पाहिलं. बरोबर आहे. सही करतो.

जनू राघो भोपी

आमच्यासमोर सही केली:
राजू पांडू भोईर, सोनिवली
सुनेत्रा दिलीप गायकर, उल्हासनगर कॅम्प ५

सोनिवली, २२ सप्टेंबर २०२५